गावपळणीची गाडी

माझ्या गाडीला गावात कुणी तिच्या कंपनीच्या नावाने ओळखत नाही. ‘मास्तरांचो हत्ती’, एवढंच. हत्ती पोसायला काय लागतं ते मला विचारा. निवृत्तीनंतर माणसं तीर्थयात्रेला जातात, गुडघ्यांची ऑपरेशनं करून घेतात. मी कट्टा गावच्या शाळेतून सुटलो आणि गोव्याला जाऊन एक जुनी जर्मन गाडी घेऊन आलो. उंच, काळी, डिकीचं दार वर उघडणारी, टपाला सरकती काच असलेली. एका हॉटेलवाल्याने ती नवी घेतली होती, मग त्याच्या भावाने वापरली, मग ती नुसतीच माडाखाली उभी होती.

मला तिचं दार आवडलं. खरं सांगतो, तेवढ्यावरच मी भुललो. आयुष्यभर स्कूटर चालवलेल्या माणसाला दार ही गोष्टच नवी. आत बसून ते ओढून घेतलं की एक जाड, मऊ आवाज व्हायचा आणि बाहेरची दुनिया बंद. आतमध्ये कातड्याचा वास, हाताखाली खऱ्या लाकडाची पट्टी. मी तिथेच, माडाखाली, बंद गाडीत, बराच वेळ बसून राहिलो. हॉटेलवाला काचेवर टकटक करून म्हणाला, “मास्तर, घाम फुटलो तुमका. एसी बंद आसा.”

इन्सुलीच्या नाक्यावर पोलिसाने गाडी बाजूला घ्यायला लावली. गोव्याकडून येणारी एवढी मोठी गाडी आणि आत एकटा म्हातारा, म्हणजे दारू असणारच, अशी त्याची खात्री. डिकीत निघाले मालकाने दिलेले सुटे भाग: एक अल्टरनेटर, रबरी नळ्यांचं भेंडोळं आणि फुटका दिवा. तो त्या ढिगाकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघत राहिला. मग त्याने डिकी हळूच लावली आणि म्हणाला, “जावा, सांभाळून जावा.” त्याच्या आवाजात दया होती.

घरी आल्यावर वाडीतले लोक जमले. गावातल्या एका वृद्ध मानकऱ्याने गाडीपुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं. “बा देवा म्हाराजा, आज तुझ्या लेकरान ही गाडी घराक हाडल्यान हा. तिका खंय अडथळो येव नये, खंय वायट नजर लागा नये, सांभाळून घे रे म्हाराजा!” सगळ्यांनी “व्हय म्हाराजा” म्हटलं. तेवढ्यात पडवीतून माझ्या बायकोचा आवाज आला, “आणि ही घेवची बुद्धी ज्येका झाली, त्येकाय सांभाळून घे रे म्हाराजा!” या दुसऱ्या गाऱ्हाण्याला “व्हय म्हाराजा” जरा जास्तच जोरात झालं.

माझी बायको ओरोसला एका सरकारी कचेरीत होती. नोकरीची सगळी वर्षं तिने एसटीने ये-जा केली. तिचं म्हणणं सरळ होतं: जी वस्तू चालवण्यापेक्षा ढकलावी जास्त लागते, तिला वाहन म्हणू नये. घर पाहावं बांधून म्हणतात. त्यांनी जर्मन गाडी पाहावी दुरुस्त करून. समुद्राचा वारा तिच्या खालच्या अंगाला लागला आणि दर पावसाळ्यानंतर एकेक नटबोल्ट गंजून दगड झाला. उंदरांना तिच्या वायरी आवडल्या. समोरच्या पाटीवर कधी पिवळा दिवा लागायचा, कधी लाल, आणि कुठलाच दिवा लागला नाही की मला जास्त भीती वाटायची. सावंतवाडीचा मेकॅनिक प्रत्येक वेळी म्हणायचा, “मास्तर, गाडी एक नंबर आसा. फक्त जुनी झाली.” हे वाक्य तो माझ्याबद्दलही बोलू शकला असता.

पण सगळ्यात मोठं दुखणं चाकांवरच्या हवेच्या फुग्यांचं होतं. या गाडीला साध्या स्प्रिंगा नव्हत्या. चार चाकांवर रबराचे चार फुगे, त्यात हवा भरलेली, आणि त्या हवेवर सगळी गाडी तरंगायची. फुगे धड असताना आमच्या वाडीच्या दगडगोट्यांच्या चढणीवरून, घाटीवरूनसुद्धा ती होडीसारखी जायची. पण रबर म्हातारं झालं होतं. रात्री उभी केलेली गाडी सकाळी बघावी तर मागच्या बाजूने खाली बसलेली. एक फुगा बदलला की दुसरा फुटायचा. शेवटी मेकॅनिकने तोडगा काढला. जांभ्या दगडाचे चिरे वाहणाऱ्या टेम्पोच्या जाडजूड लोखंडी स्प्रिंगा आणल्या आणि फुगे काढून त्या बसवल्या. “आता दहा वर्सा बगूक नको,” तो म्हणाला. गाडी चार बोटं उंच झाली, घाटीतला एकही दगड पोटाला लागेना. मी खूश. चिऱ्यांच्या स्प्रिंगा जर्मन गाडीला बसवण्याचं डोकं आमच्या जिल्ह्याबाहेर कुणाचं चाललं नसतं, असं मी चारचौघांत अभिमानाने सांगायचो.

बायको त्या गाडीत एकदाच बसली. वाडीतून हमरस्त्याला लागेपर्यंत तिने दारावरची मूठ सोडली नाही. मग डोक्यावर हात ठेवून म्हणाली, “गाडी घेतलास काय खटारो? माझी टाळू टपाक लागली.” तिथेच ती उतरली आणि एसटीने गेली. टेम्पोच्या त्या स्प्रिंगा चिऱ्यांच्या वजनासाठी बनवलेल्या होत्या. आम्हा दोन हाडकुळ्या माणसांनी त्या दबणार कशा? खड्डा आला की त्या दबायच्या नाहीत, उडवून लावायच्या.

पावसाळा संपता संपता बायको पडली. घरामागे न्हाणीपाशी शेवाळ होतं, डोक्यावर झावळ्यांचा भारा होता, पाय घसरला. ओरोसच्या डॉक्टरांनी सांगितलं, मणक्याला चीर आहे, ऑपरेशन नको, पण पाठीवर सपाट झोपून राहायचं. उठायचं नाही, बसायचं नाही. आणि धक्का अजिबात बसता कामा नये. चीर सरकली तर पाय जाऊ शकतात. तिथून घरी आणताना अँब्युलन्स केली होती. त्या प्रवासाबद्दल मला लिहायचं नाही. एवढंच सांगतो, प्रत्येक खड्ड्याला ती ओरडत होती, आणि शेवटी शेवटी तिने ओरडणंही सोडलं. घरी पोचल्यावर ती म्हणाली, “ह्येच्यापुढे त्या अँब्युलन्सात माका घालू नका.”

सुरुवातीला माणसांची रीघ लागली. पेज, फणसाचे गरे तळलेले, अंगारे, सल्ले. मुलगी पुण्याहून येऊन राहिली आणि रजा संपल्यावर रडत परत गेली. नंतर भातकापणी आली, झोडणी आली. येणारी माणसं दारातूनच “बरा आसा मा?” विचारू लागली. त्यांचं काही चुकत नव्हतं. भात शेतात उभं असताना कोण कुणाच्या खाटेपाशी बसणार? मी स्वयंपाक शिकलो, म्हणजे तिने खाटेवरून सांगायचं आणि मी करपवायचं. ती चिडायची तेव्हा मला बरं वाटायचं. ती गप्प असली की मात्र मला घर खायला उठायचं.

आणि मार्गशीर्षात देवाने गावपळणीचा कौल दिला.

बाहेरच्यांना हे सांगावं लागतं. आमच्या गावात काही वर्षांनी एकदा गाव सोडून जायची रीत आहे. देवाला कौल लावतात, देवाने हो म्हटलं की ठरल्या दिवशी नगारा वाजतो आणि सगळा गाव वेशीबाहेर पडतो. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळी. हिंदू जातात, बंदरावरचे मुसलमानही जातात. व्हाळापलीकडे, म्हणजे ओढ्यापलीकडे, शेजारच्या गावाच्या मळ्यात झावळ्यांच्या झोपड्या घालून तीन रात्री राहायचं, मग परत कौल लावायचा, देवाने परवानगी दिली तर घरी. तोवर गावात माणूस म्हणून उरायचं नाही. का, कशासाठी, याच्या गोष्टी अनेक आहेत, पण खरं सांगायचं तर गावाला ते तीन दिवस हवे असतात. घरदार नाही, काम नाही, भांडणसुद्धा नाही. भजन, फुगड्या, पत्ते, आणि चुलीवर मासे.

आजारी माणसांना आधीच नातेवाइकांकडे नेऊन ठेवायची मुभा असते. बायकोचा धाकटा भाऊ कट्ट्याहून आला. खाटेपाशी बसून म्हणाला, “ताये, चार दिस माझ्याकडे चल. हळूहळू नेतंय. पळण संपली की परत हाडून सोडतंय.”

ती आढ्याकडे बघत म्हणाली, “मी काय भांडीकुंडी आसंय, आदी धाडून देवक? जायन ती सगळ्यांच्या वांगडा. नायतर जावचंयच नाय.”

“गावात रवाक मिळूचा नाय, ताये.”

“मगे मानकऱ्यांका सांग, माका उचलून न्हेवा म्हणान.”

तो गेल्यावर मी रागावलो. हा कसला हट्ट? पाय गेले तर? मी बराच बोललो. माझा जीव घाबरा झाला की मी मास्तर होतो, वर्गावर ओरडावं तसा ओरडतो. तिने माझं संपू दिलं. मग हळू आवाजात म्हणाली, “पयली माणसा येय होती. आता दाराकडसून हाक मारतत आणि जातत. मी हंय पडान त्येंच्या चपलांचो आवाज आयकतंय. सगळो गाव वाजतगाजत निघतलो आणि मी आदीच कट्ट्याक जावन पडलंय, तर मगे मी गावातली रवलंय काय?”

ती घाबरली होती, आणि मला वाटत होतं, पाय जातील म्हणून घाबरली आहे. तिला भीती वेगळीच होती.

तोडगा तिनेच काढला, दुसऱ्या दिवशी, मी तिला पेज भरवत असताना. “तुमच्या त्या गाडयेचे स्प्रिंगा चिऱ्यांच्या टेंपोचे मा?”

“हो.”

“मगे तेंच्यार चिऱ्यांएवढा वजन घाला. इतकी वर्सा एस्टीत मागच्या सीटार बसलंय मी. रिकामी एस्टी उडता. भरलेली एस्टी उडणा नाय, डोलता. गाडी भरा तुमी. पळणीक सगळ्यांचो तांदूळ न्हेवचो आसाच, तो हत्तीत भरा.”

फुगे, स्प्रिंगा, मेकॅनिक, इतके दिवस मी गाडीच्या खाली बघत होतो. हिने आतमध्ये बघितलं.

आमच्या शेजारी होड्या बांधणारा सुतार राहतो. त्याला बोलावलं. त्याने पुढची डावी सीट काढायला सांगितलं. मोटरवर पुढेमागे होणारी, पाठीला ऊब देणारी ती कातडी सीट. तिच्याखालच्या वायरी सोडवल्याबरोबर पाटीवर एक लाल दिवा लागला तो आजतागायत विझलेला नाही. सीट पडवीत ठेवली; येणारा-जाणारा तिच्यावर बसून बटणं दाबू लागला. मागच्या बाकाची एक बाजू आडवी पाडून सुताराने डिकीपासून पुढच्या काचेपर्यंत फणसाच्या लाकडाची लांब फळी बसवली, होडीत बसवावी तशी, एकही खिळा हलणार नाही अशी. वर काथ्याची गादी.

आधी मी त्या फळीवर झोपलो. सुताराने गाडी चालवली. रिकाम्या गाडीत, घाटीतल्या पहिल्याच दगडाला, माझ्या कण्यातून मानेपर्यंत असा ठोका गेला की डोळ्यांत पाणी आलं. मी पडून टपाकडे बघत होतो. झोपलेल्या माणसाला खड्डा आधी दिसत नाही. तो नुसता येतो. अँब्युलन्समध्ये ती कशी आली असेल ते मला त्या दिवशी कळलं, आणि मी सुताराला थांबायला सांगून थोडा वेळ तसाच पडून राहिलो.

मग वाडीने गाडी भरायला घेतली. फळीखाली सुताराकडची तांदळाची पोती. अजून उडते. मग आणखी चार घरांचे तांदूळ, नारळ, कुळथाची डबडी, पाटे-वरवंटे. सुताराची बायको चांगली जाडजूड, आवाजाने आणि अंगानेही, ती येऊन डिकीच्या कडेला हात ठेवून दाबून बघायची, आंबा पिकला का बघावा तसं, आणि म्हणायची, “नाय, अजून कठीण आसा.” प्रत्येक भरणीनंतर मी झोपायचो, सुतार फेरी मारायचा. खिडकीतून बायको ओरडायची, “काय झाला?” शेवटी टपावर, काचेची जागा सोडून, लाकडांच्या मोळ्या चढल्या आणि गाडी चार बोटं खाली बसली. त्या फेरीला तोच दगड आला आणि गेला. गाडी नुसती डोलली. मी फळीवरून ओरडलो, “इला! जमला!” इतक्या वर्षांत मी कधी मालवणीत ओरडलो नव्हतो.

नगारा वाजला तेव्हा चौघांनी तिला चादरीसकट उचलून डिकीतून फळीवर सरकवलं. डोकं मागे, पाय पुढे. बांधलं नाही, दोन्ही बाजूंनी तांदळाची लहान पोती लावली. मी पहिला गिअर टाकला. पुढे गुरं, मागे गुरं, दोन्ही बाजूंना डोक्यावर टोपल्या घेतलेली माणसं, आणि मधे माझा हत्ती, पायी चालणाऱ्यांच्या चालीने. मी टपाची काच सरकवली. तिला वर फक्त माडांचे शेंडे आणि आभाळ दिसत असणार. घाटी उतरताना मी विचारलं, “दुखतं का?”

“गप गाडी चालवा. ह्यो माड आपलो. आता वळण येतला.”

ती आडवी पडून शेंड्यांवरून रस्ता ओळखत होती. वाटेत बायका गाडीशी चालत चालत तिच्याशी बोलत होत्या, डिकीचं दार उघडंच होतं. व्हाळावरच्या छोट्या पुलावर चढताना गाडी हळूच डोलली आणि पलीकडे उतरली. वेस ओलांडली. तिचे पाय हलताहेत का ते मी शेजारी बघितलं. अंगठा हलत होता, भजनाच्या ठेक्यावर.

मळ्याच्या कडेला काजूच्या झाडाखाली सपाट जागा बघून गाडी उभी केली. तिला परत हलवायचं नव्हतं, म्हणून सुताराने गाडीलाच झोपडी जोडली. डिकीच्या उघड्या दारापासून पुढे झावळ्यांचा मांडव. आमचं घर ते. पण मजा पुढेच झाली. सगळ्या वाडीचं धान्य तिच्या फळीखाली आणि आजूबाजूला. तांदूळ हवा, नारळ हवा, कुळीथ हवेत, तर बायकोकडेच यावं लागे. आणि तांदूळ न्यायला आलेली बाई लगेच उठत नसे. ती फळीशी टेकायची, मग दुसरी यायची. बायको पडल्या पडल्या लसूण सोलायची, कुणाच्या आमटीत काय कमी आहे ते वासावरून सांगायची. फुगड्या तिच्या डोक्याशीच घातल्या गेल्या. तिच्या चेहऱ्यावर इतका रंग मी बऱ्याच दिवसांनी बघत होतो. मी पत्ते हरत होतो आणि सुखात होतो.

पहिल्या कौलाला देवाने नकार दिला. म्हणजे आणखी एक दिवस मळ्यात. पुरुषांनी कपाळावर हात मारले, बायको मात्र पडल्या पडल्या हसली. दुसऱ्या दिवशी कौल मिळाला. एकच आरडाओरड झाली, झोपड्या उतरू लागल्या, ज्याला त्याला घराची ओढ. मी गाडीकडे आलो आणि फळीखाली वाकलो.

फळीखाली रिकामी पोती होती. तांदूळ सगळ्यांनी खाल्ला होता. नारळ खवून झाले होते. टपावरची लाकडं चुलींत गेली होती, आणि भांडी कधीच डोक्यावरून पुढे निघाली होती. गाडी परत चार बोटं उंच उभी होती, हलकी आणि कडक.

येताना उतरलेली घाटी आता चढायची होती. मी सुताराला म्हटलं, पोत्यांत माती भरू. फावडं शोधायला लागलो तर फावडीही गेली होती. बायको सगळं ऐकत होती. मान वळवता येत नव्हती, म्हणून डोळे तेवढे वळवून ती मळ्यातून निघून जाणाऱ्या माणसांकडे बघत होती.

सुताराची बायको झावळ्यांचा भारा टाकून आली. तिने गाडी दाबून बघितली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, “माती कित्याक होयी, मास्तर? मी काय मेलंय?” आणि फळीच्या शेजारी, उरलेल्या सीटवर, जाऊन बसली. गाडी एका बाजूने खाली गेली. “माझा वजन पयल्यांदाच कोणाच्या कामाक इला,” ती म्हणाली, आणि पुढे गेलेल्यांना तिने अशी हाक घातली की मळ्याच्या टोकाची माणसंसुद्धा वळली.

मग सुरू झाली निवड. कोण जड, कोण हलकं यावर वाद. एरवी वजनाचा विषय काढला तर भांडायला उठणाऱ्या बायका “मी तिच्यापरास जड आसंय” म्हणून पुढे आल्या. हाडकुळ्यांना हाकलून लावलं, त्यातले काही रुसले. फळीच्या कडेकडेने बायका बसल्या, पायाशी एक, डिकीच्या कडेवर दोघी पाय खाली सोडून. दोन्ही बाजूंच्या दारांखालच्या पायऱ्यांवर पुरुष लटकले. मानकरी म्हाताराबुवा पुढे माझ्या शेजारी, जिथे सीट नव्हती तिथे, फळीच्या कडेला पोत्यावर. प्रत्येकजण चढला की सुतार वाकून चाकांकडे बघायचा. शेवटी त्याने हात वर केला.

मी शाळेत शिकवताना इतकं सावकाश कधी काही केलं नसेल. घाटीला गाडीचं इंजिन कण्हत होतं, लाल दिवे लागले होते ते लागले होते. गाडी डोलत होती. तिच्याबरोबर सगळे डोलत होते, आणि मधे बायको. कुणीतरी भजन धरलं. “हलू नका गो, नीट बसा,” ती सगळ्यांना दम देत होती, आणि कुणी कुणाच्या मांडीवर पडलं की पहिली हसायचीही तीच. हसताना पाठ दुखते म्हणून “माका हसवू नका” असंही म्हणायची. मी फक्त चाकापुढचा हातभर रस्ता बघत होतो.

आमच्या दारापुढच्या खळ्यात, अंगणात, गाडी उभी केली. ब्रेक ओढला, चाकांना दगड लावले. सुतार म्हणाला, सगळे एकदम उतराल तर गाडी उसळेल, एकेक करून उतरा. पायऱ्यांवरचे पुरुष आधी उतरले. मग म्हाताराबुवा. मग कडेवरच्या दोघी. एकेक माणूस उतरलं की गाडी तसूभर वर यायची, तीही बरोबर वर यायची. समोर घराचं दार मी उघडलं होतं. दारातून तिची खाट दिसत होती, निघालो त्या दिवशी आवरली होती तशीच.

सगळ्यांत शेवटी सुताराची बायको उतरायला लागली. तेव्हा माझ्या बायकोने तिचा पदर धरला.

“तू बस गो,” ती म्हणाली. “तू उतरलंस तर गाडी वर येतली. माका धक्को बसात.”

गाडी उभी होती. दगड लावलेले होते. एक बाई उतरल्याने कसला धक्का बसणार होता? मला ते कळत होतं, सुताराला कळत होतं. सुताराच्या बायकोने तिच्या हाताकडे पाहिलं, मग दारातून दिसणाऱ्या खाटेकडे पाहिलं. आणि परत खाली टेकली.

“बसतंय गो. माका तरी खंय जावचा आसा?” मग खळ्यात उभ्या असलेल्यांवर ती खेकसली, “बगतास काय? चढा मगे परत. गाडी वर इली ती दिसणा नाय तुमका?”

मग कडेवरच्या दोघी येऊन कडेवर बसल्या. एकेक करून बाकीच्याही चढल्या. म्हाताराबुवासुद्धा गुडघ्यावर हात देत आपल्या पोत्यावर जाऊन बसले. गाडी पुन्हा खाली बसली. माझ्या बायकोने पदर सोडला नव्हता. मी चहाचं आधण ठेवायला घरात गेलो. आत जाऊन आधी रडलो, मग चहा ठेवला.